उरलेली रुंदी

श्रोतेहो, नमस्कार.

दीड मीटर रुंदीचा एक पदपथ डोळ्यांसमोर आणा. एका बाजूने कुंपणाची झाडी अर्धा मीटर बाहेर आलेली, दुसऱ्या बाजूने वीतभर गवत फरशीवर चढलेलं. चालायला उरले जेमतेम ऐंशी सेंटिमीटर. धडधाकट माणूस अंग चोरून तेवढ्यातून निघून जातो आणि विसरतो. व्हीलचेअर मात्र साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते. चाकं हाताने फिरवणाऱ्याची कोपरं दोन्हीकडे बाहेर येतात, म्हणून सरळ जायलासुद्धा ९० सेंटिमीटर तरी मोकळे लागतात. ऐंशीत ते जमत नाही. मग त्या माणसाला रस्त्यावर उतरावं लागतं. बाबागाडी ढकलणारी आई तिथेच उतरते, काठी टेकत चालणारे आजोबाही तिथेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली. त्यांतला दर पाचातला एकाहून अधिक माणूस पायी चालणारा होता. म्हणून पदपथावरच्या गवताला शोभेचा प्रश्न समजू नका. तुमच्या भागात नवा पदपथ हवा असं वाटत असेल, तर आधी जुना किती उरलाय ते बघा. पुष्कळदा तो मातीखाली शाबूत असतो.

वाट नाहीशी होते ती काठाकडून. शेजारची जमीन पदपथापेक्षा उंच असेल, तर प्रत्येक पावसात थोडी माती वाहून फरशीच्या कडेला बसते. त्यात पालापाचोळा कुजतो, ओल टिकते, शेवाळ धरतं. मग हरळीसारखं पसरणारं गवत आपले धुमारे त्या मातीवर सोडतं. गवताच्या मुळांचं जाळं पुढची माती अडवतं आणि त्या मातीवर गवत आणखी पुढे सरकतं. दरवर्षी चार-पाच बोटं वाट गेली तरी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि काही वर्षांत हातभर रुंदी गेलेली असते.

यावर नुसतं गवत कापणं हा उपाय नव्हे. कापल्यावर छायाचित्रात काम झालेलं दिसतं, पण मुळांची चटई जागेवर राहते आणि काही आठवड्यांत सगळं पूर्ववत होतं. तणनाशक मारलं तर गवत जळतं, माती तिथेच राहते, आणि औषध पावसाबरोबर गटारात जातं. खरं काम खरवडण्याचं आहे. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांनी, माती ओलसर पण चिखल नसताना, सरळ पात्याचं फावडं घ्या. मूळ काठ कुठे आहे ते जाड पेचकस मातीत खुपसून शोधा. कठीण लागतंय तिथपर्यंत पदपथ आहे. त्या रेषेवर फावडं उभं मारून चटई कापा, मग फावडं आडवं धरून ती फरशीवरून सोलून काढा. पेव्हर ब्लॉक असतील तर सांध्यात पातं घालून उचकटू नका. ब्लॉक सैल झाला की तोच ठेच लागण्याची जागा होतो. सांधे रिकामे झाले असतील तर कोरडी वाळू झाडून भरा. निघालेली माती गटारात लोटायची नाही. आणि सगळ्यांत जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे शेजारची जमीन. ती काठालगत पदपथापेक्षा तीन ते पाच सेंटिमीटर खाली उतरवा. हे केलं नाही, तर पुढच्या पावसात माती पुन्हा फरशीवर.

आता वरून येणारा अडथळा. दृष्टिहीन माणूस पांढरी काठी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत चालतो. खांब, पायरी, पडलेली सायकल काठीला कळते. छातीशी किंवा कपाळाशी आलेली फांदी कळत नाही, कारण तिच्याखाली जमिनीवर काहीच नसतं. म्हणूनच सुगम्यतेच्या मानकांत साधारण ७० सेंटिमीटर ते दोन मीटर या उंचीच्या पट्ट्यात वाटेवर काही झुकू द्यायचं नाही असा आग्रह असतो. चेहऱ्यावर आदळणारी काटेरी फांदी डोळ्याला इजा करते. ज्याला थोडंसं दिसतं, त्याची तेवढीही दृष्टी त्यात जाऊ शकते. पदपथावर उंचवट्यांच्या फरशा बसवलेल्या असतात, त्याही याच लोकांसाठी. सेइइची मियाके या जपानी गृहस्थांनी ती फरशी घडवली आणि १९६७ साली ओकायामा शहरात ती पहिल्यांदा बसली. तिच्यावर गवत आलं की पायाला काही लागत नाही आणि वाट दाखवणारी फरशी मुकी होते.

फांदी किती वर हवी? किमान २.१ मीटर मोकळे हवेत, पण छाटताना अडीच मीटरपर्यंत छाटा. पानं पावसात भिजली की फांदी वजनाने खाली येते. कोरड्या दिवशी बरोबर भरलेलं माप पावसात चुकतं. कुंपणाच्या झाडीलाही हाच न्याय लावा: हद्दीवर बरोबर कापू नका, २० ते ३० सेंटिमीटर आत कापा, म्हणजे पुढच्या छाटणीपर्यंत वाढायला जागा राहते.

जाड फांदी एका घावात तोडली की ती स्वतःच्या वजनाने साल फाडत खाली येते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश जाडीपर्यंत करवत चालवा, मग त्याच्या किंचित बाहेर वरून कापून फांदी पाडा, आणि शेवटी उरलेला खुंट काढा. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळा असतो, तो राखायचा. त्यातूनच झाड जखम भरून काढतं. वळा कापला की कूज आत शिरते, लांब खुंट ठेवला तरी तेच. तारांजवळची फांदी आणि शिडीवर चढून करायचं काम मात्र प्रशिक्षित माणसांवर सोपवा. आणि आधी झाडीत घरटं नाही ना, ते पाहा.

मुळांनी उचललेल्या फरशीचा विषय थोडा अवघड आहे. फरशीखालच्या सैल वाळूत हवाही असते आणि ओलही, म्हणून मुळं तिथे धावतात आणि वर्षावर्षाला जाड होत फरशी उचलतात. चालताना पुढे येणाऱ्या पावलाची बोटं जमिनीपासून साधारण एक ते दोन सेंटिमीटरच वर असतात. म्हणजे दोन सेंटिमीटरचा उचललेला काठ ठेच लागायला पुरेसा आहे. ठेकेदार अनेकदा मूळ तोडून फरशी सपाट बसवतात. खोडाजवळचं जाड मूळ तुटलं की झाडाचा आधार जातो, ते वादळात कोसळू शकतं, आणि तुटल्या टोकापासून नवी मुळं फुटतात ती वेगळीच. त्यापेक्षा झाडाचं आळं मोठं करावं, पदपथ मुळावरून सौम्य उतार देत न्यावा आणि छोटा उचललेला काठ घासून तिरका करावा.

कोपऱ्यावर आणि वाहनं बाहेर पडतात त्या फाटकांशी झाडी साठ सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. लहान मूल चालकाला दिसलं पाहिजे. दिव्याभोवतीची पानंही काढायला लावा.

हे सगळं पालिकेला माहीत नाही असं नाही. अडचण अशी की फांदी उद्यान विभागाची, गवत सफाईचं, फरशी रस्ते विभागाची आणि कुंपण खासगी मालकाचं. काठ कोणाचाच नाही. झाडूवाला उरलेल्या जागेवरचा कचरा काढतो. गाडली गेलेली रुंदी मोकळी करणं हे कामाच्या यादीत कलम म्हणून नसेल, तर त्याचे पैसे कोणाला मिळत नाहीत आणि ते होतही नाही. पदपथ बांधायला निधी काढणाऱ्या आणि तो राखायला एक ओळही न लिहिणाऱ्या प्रशासनाला मी तरी निष्काळजीच म्हणेन.

तेव्हा तक्रार अशी लिहा की तिला चार विभागांत फिरवता येणार नाही. ‘गवत वाढलं आहे’ असं लिहू नका. टेप घेऊन तीन ठिकाणी मोजा: मूळ रुंदी किती, उरलेली किती, सर्वांत खालची फांदी किती उंचीवर. प्रत्येक जागेचं छायाचित्र टेप दिसेल असं काढा, जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक आणि तारीख लिहा. मग पंधरा मिनिटं उभं राहून मोजा, किती जण पदपथ सोडून रस्त्यावर उतरले, त्यांत मुलं, वृद्ध, चाकाच्या खुर्चीवरचे किती. मागणी एकच ठेवा: मूळ रुंदी आणि अडीच मीटर उंची मोकळी करून द्या. पोच घ्या. अनेक देशांत अपघातानंतरची जबाबदारी ठरवताना प्रशासनाला धोका आधी माहीत होता का, हे पाहिलं जातं. तारखेची लेखी पोच तिथे कामी येते.

काम झाल्याचं कळवलं की त्याच तीन ठिकाणी पुन्हा टेप लावा. आकडे जुळले तरच तक्रार बंद करायला होकार द्या, आणि वाढीच्या पुढच्या हंगामात मोजणीची तारीख त्याच कागदावर लिहून ठेवा.

नमस्कार.