दुखणं अंगावर काढणारे गडी

(दृश्य: पहाट. दूध संस्थेसमोर किटल्यांची रांग.)

करवीर तालुक्यातलं एक गाव. धारा काढून झाल्या की गडी संस्थेत येतो. फॅट लागली, पावती मिळाली, की वैरणीला पळायचं. प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी सकाळी साडेआठला सुरू होते, तेव्हा हा उसात असतो. दुपारनंतर चारला ती पुन्हा उघडते, तोवर म्हशींच्या धारेची वेळ जवळ येते. शेतीपंपाला वीज रात्रीची असली, तर रात्रभर पाण्याची दारं धरून तो जागलेला असतो. राज्याच्या सरकारी आरोग्य केंद्रांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. पण मोडलेला दिवस मोफत नसतो.

(दृश्य: चिखलातले अनवाणी पाय.)

साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या पायाची जाणीव हळूहळू जाते. पाणी पाजताना उसाचा बुडखा टाचेत शिरतो आणि त्याला कळतही नाही. घरी आल्यावर रक्त दिसतं. हळद दाबायची, फडकं बांधायचं, सकाळी पुन्हा पाण्यात. दुखत नाही, म्हणून दवाखाना नाही. जखम काळी पडून वास सुटला, की मग गाडी करून कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात. तोवर बोट वाचवायचं की पाऊल, एवढाच प्रश्न उरलेला असतो. साखर आधी कुणी तपासली असती तर ही वेळ टळण्यासारखी होती, याची चीड येते.

तपासणारं कुणीच नाही, असंही नाही. आशाताई घरोघरी जातात. कुठली बाई गरोदर, कुठल्या बाळाचा डोस राहिला, सगळं त्यांना तोंडपाठ. तिशीपुढच्या प्रत्येकाला बीपी-साखरेचा धोका किती, याचा फॉर्म भरायचं कामही आता त्यांच्याकडंच.

"आण्णा, उपकेंद्रात येऊन बीपी बघून जावा की."

"मला काय धाड भरलीया?"

या उत्तरामागं भीती असते. काही निघालं तर रोजची गोळी, पथ्य, आणि घरच्यांच्या तोंडावरची काळजी. तालमीत घुमलेल्या माणसाला आपण आजारी आहोत हे कबूल करणंच जड जातं. शिवाय आशाताई गावचीच सून. तिच्यापुढं लघवी अडते, अंडाला सूज आहे, कर्जापायी झोप लागत नाही, हे बोलायचं कसं? आरोग्यसेवकानं हे हळूच विचारायला हवं, तेही चारचौघांत नव्हे.

गगनबावडा, शाहूवाडीच्या धनगरवाड्यांवर तर पावसाळ्यात आधी रस्त्याचीच अडचण.

(दृश्य: उसाचा फड, कोयते.)

बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांचं दुखणं आणखी वेगळं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक आजारी पडला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, हिशोबात कापले जातात. त्यांची आरोग्याची नोंद गावाकडच्या वहीत, मुक्काम इथल्या फडात. अंगात ताप असला तरी मोळी बांधून ट्रॉलीत चढवावी लागते.

बीपीचं यंत्र आणि साखरेची पट्टी दूध संस्थेच्या ओट्यावर आली पाहिजे, पहाटेच्या संकलनाच्या वेळी. किटली रिकामी होईपर्यंत दोन्ही तपासण्या होतात. ऊसतोडीच्या तळावर मात्र रात्री आठनंतरच जावं, टोळी परतलेली असते.