१२-१३चा पाना

नमस्कार, श्रोतेहो.

ठाण्यात घरचं वर्कशॉप म्हणजे गॅलरीचा एक कोपरा, नाहीतर पलंगाखालची पेटी. हत्यारं एकावर एक पडतात, आणि तळाला गेलेलं हत्यार हरवल्यातच जमा.

गेल्या वर्षीची आषाढातली एक रात्र सांगतो. सकाळी आईला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि तिच्या व्हीलचेअरचं चाक डगडगायला लागलं. काम दोन मिनिटांचं. ८ एमएमचा बोल्ट, त्याच्या नटाला १३चा पाना. माझ्याकडे ६-७ पासून २०-२२ पर्यंत अख्खा संच, एकेका पान्याची दोन टोकं दोन मापांची, त्यात नेमका १२-१३ नाही. पेटी उपडी केली, पलंग सरकवला, शिवणयंत्राचा खण पाहिला. नौपाड्यातली हार्डवेअरची दुकानं एव्हाना बंद झालेली. शेवटी शेजाऱ्यांचा ॲडजस्टेबल पाना आणला. तो सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला, आणि नटाचे कोपरेच गेले. ॲडजस्टेबल पाना घरात ठेवूच नये, हे माझं ठाम मत आहे. एकाच पान्यात सगळं भागवायच्या हौसेपायी किती नट गोल होतात! असो. सकाळी भर पावसात आईला दोन्ही बाजूंनी धरून रिक्षापर्यंत नेलं. ती एक शब्द बोलली नाही.

पुढं गणपतीसाठी मखराचं खोकं उघडलं, तर आत पाना! आदल्या वर्षी मखर सोडवताना तिथंच राहिलेला. खाडीकाठच्या दमट हवेनं गंजून लाल झालेला.

त्याच दिवशी भिंतीवर प्लायचा तुकडा ठोकला. पाने, पक्कड, कानस, पटाशी, सगळं खिळ्यांना टांगलं आणि एकेकाभोवती पेन्सिल फिरवली. हत्याराभोवती रेघ, एवढं लक्षात ठेवा. रात्री एक नजर टाकायची. रेघ रिकामी दिसली की हत्यार तेव्हाच शोधायचं, गणपतीपर्यंत थांबायचं नाही.

खिळे-स्क्रू काचेच्या बरण्यांत. नाव बरणीवर लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात. पावसाळ्याआधी पान्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवा.

येत्या खंडेनवमीला हत्यारं पुसून पुजाल, झेंडू वाहाल. दुसऱ्या दिवशी ती पेटीत परत लोटू नका. प्लायवर मांडा, आणि हत्याराभोवती रेघ ओढा. १३च्या पान्यापासून सुरुवात करा.

नमस्कार.