लॉग-इन झालं, आता पुढे?

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. पासवर्ड टाइप होतो, कोर्सचं पान उघडतं. कर्सर बराच वेळ एकाच जागी.)

निवेदन :
डावीकडे घटकांची लांबलचक यादी. मध्ये स्वागताचा मजकूर. उजवीकडे कॅलेंडर, वर घंटी आणि घंटीवर लाल आकडा. विषय आवडीचा आहे, शिकायची इच्छाही आहे. पण पहिलं क्लिक कुठे करायचं?

वर्गात हा प्रश्न पडत नाही. शिक्षक येतात, काल कुठे थांबलो ते सांगतात आणि तास सुरू होतो. परवा काय द्यायचंय ते शेजारी बसलेली मैत्रीण सांगते. ऑनलाइन कोर्समध्ये ही सगळी माणसं नजरेआड असतात आणि त्यांचं काम पडद्यावरच्या खुणा करतात. टिक, कुलूप, पट्टी, लाल आकडा. या खुणा वाचायच्या कशा, हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. विषय झेपत नाही असं मानून कोर्स सोडायच्या आधी, आपल्याला नक्की विषय कळत नाहीये की पान कळत नाहीये, एवढं तरी तपासायला हवं.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. संगणक, पडदा, बटणांची छोटी पट्टी.)

निवेदन :
इलिनॉय विद्यापीठात 1960 साली डोनाल्ड बिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावरून शिकवणारी 'प्लेटो' ही यंत्रणा सुरू केली. त्या सुरुवातीच्या काळात विद्यार्थ्यासमोर पडदा असायचा आणि मोजकी बटणं. पुढे जायचं एक, मागे यायचं एक, उत्तर तपासून घ्यायचं एक. अडलं तर 'हेल्प' दाबायचं. मग यंत्र मूळ प्रश्न बाजूला ठेवून सोप्या पायऱ्यांनी समजावू लागायचं. आणि या पायऱ्या चालू असतानाच डोक्यात प्रकाश पडला, तर? त्यासाठीही बटण होतं. त्याचं नाव 'अहा'. ते दाबलं की विद्यार्थी थेट मूळ प्रश्नावर परत.

या बटणाचं मला फार अप्रूप वाटतं. शिकणारा मध्येच वाट सोडणार हे ज्यांनी ते बसवलं त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि त्याला परत आणायची सोय त्यांनी धड्याच्या रचनेतच करून ठेवली होती.

मार्टिन डूगियामास यांनी 2002 मध्ये मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या यंत्रणेची पहिली आवृत्ती आणली. आज कॅनव्हास आहे, ब्लॅकबोर्ड आहे, गूगल क्लासरूम आहे. सगळीकडे शिक्षक आपल्या सोयीने घटक रचतो आणि विद्यार्थी ते उघडत जातो. यात एक गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसते. शिक्षकाला दिसणारं पान आणि विद्यार्थ्याला दिसणारं पान एकच नसतं. लपवून ठेवलेला घटक शिक्षकाला फिकट रंगात दिसत राहतो, विद्यार्थ्याला दिसतच नाही. त्यामुळे "तिसरा घटक मला दिसत नाही" असं विचारण्यात संकोच वाटायचं काही कारण नाही. स्क्रीनशॉट जोडून विचारा, म्हणजे तुमच्या बाजूने पान कसं दिसतं ते शिक्षकालाही कळेल.

(दृश्य : गुणांचं पान. सगळे रकाने रिकामे.)

निवेदन :
पहिल्या दिवशी पहिला व्हिडिओ लावायचा मोह होतो. तो थोडा लांबवा. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर लिहायला लागायच्या आधी आपण ती एकदा पूर्ण वाचतो, तसा कोर्स आधी वरपासून खालपर्यंत चाळून घ्या. अभ्यासक्रमाचं पत्रक वाचा आणि मग गुणांचं पान उघडा, ते रिकामं असतानाच. गुण अजून नसले, तरी ज्या ज्या कामाला गुण आहेत त्यांची नावं तिथे बहुतेक वेळा आधीच लागलेली असतात. कुठे वेटेजही दिलेलं असतं. शेवटच्या प्रकल्पाला निम्मे गुण आहेत हे पहिल्या आठवड्यात कळणं आणि शेवटून दुसऱ्या आठवड्यात कळणं, यात पूर्ण कोर्सचा फरक पडतो.

एखाद्या घटकावर कुलूप दिसलं तर त्याच्याखालची बारीक ओळ वाचा. अमुक चाचणी पूर्ण झाल्याशिवाय हा भाग उघडणार नाही, किंवा अमुक तारखेला उघडेल, असं तिथे लिहिलेलं असतं.

(दृश्य : पडदा अगदी जवळून. फाइल अपलोड होते. कर्सर 'सेव्ह' बटणावर.)

निवेदन :
आता इथे जरा थांबू. असाइनमेंट लिहून झाली आहे. फाइल चढवली, नाव दिसलं, 'सेव्ह' दाबलं. विद्यार्थी लॅपटॉप मिटून उठतो. पण मूडलमधल्या काही असाइनमेंटमध्ये या क्षणी स्थिती असते 'मसुदा, सादर केलेला नाही'. खाली आणखी एक बटण असतं. ते दाबायचं, खात्री विचारली की होकार द्यायचा, मग स्थिती बदलते आणि काम तपासणीसाठी गेल्याचं दिसतं. फाइल पोचलेली असते, पण सादर झालेली नसते. दोन्हींत एका बटणाचं अंतर.

चाचणीचंही तसंच. शेवटच्या प्रश्नानंतर 'प्रयत्न संपवा' दाबलं की चाचणी संपत नाही. आधी सारांशाचं पान येतं: कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, कुठला रिकामा राहिला. तिथून 'सगळं सादर करा', आणि मग पुन्हा एकदा खात्री. हा लांबचा रस्ता मुद्दाम ठेवलेला आहे, कारण सादर केल्यावर सहसा परत फिरता येत नाही. सारांशाच्या पानावर रिकामा राहिलेला प्रश्न हाती लागतो. वेळ उरला असेल तर मागे जाऊन तो सोडवता येतो.

(दृश्य : जगाचा नकाशा, वेगवेगळ्या वेळा दाखवणारी घड्याळं.)

निवेदन :
मुदत कुठल्या घड्याळाची, हेही एकदा पाहून घ्या. यूटीसी, म्हणजे जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या वेळेनुसार रात्री 23:59 ही मुदत असेल, तर यूटीसीच्या नऊ तास पुढे राहणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी सकाळी 8:59 ला लागते, आणि पाच तास मागे राहणाऱ्याला त्याच दिवशी संध्याकाळी 6:59 ला. बऱ्याच यंत्रणा तुमच्या प्रोफाइलमधल्या टाइम झोनप्रमाणे मुदत बदलून दाखवतात. तिथे चुकीचा टाइम झोन निवडलेला असेल तर दिसणारी वेळही चुकते.

(दृश्य : यादीतल्या घटकांवर एकामागून एक हिरव्या टिका उमटतात.)

निवेदन :
सगळ्यात फसवी खूण हीच. हिरवी टिक उमटली की बरं वाटतं, पट्टी पुढे सरकते. पण कित्येक घटकांना टिक लागायला पान उघडणं एवढीच अट असते. ती टिक तुम्ही तिथे येऊन गेलात, इतकंच सांगते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवावा. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, दुसरा मात्र न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचलेलं जास्त आठवत होतं. आठवड्याने चित्र उलटलं: लिहून काढलेल्यातलं 56 टक्के आठवलं, पुन्हा वाचलेल्यातलं 42 टक्के. म्हणून व्हिडिओ संपला की पुढच्यावर उडी मारण्याआधी चार ओळी न बघता लिहा. त्या ओळी जमल्या, तर ती टिक तुमची.

व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत का असतात, यालाही कारण आहे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहिल्याच्या 69 लाख नोंदींचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा मिनिटांहून छोट्या व्हिडिओंवर लक्ष जास्त टिकतं, असं त्यात आढळलं. तुकडे झाले हे चांगलंच, पण मग ती व्याख्या कुठल्या तुकड्यात होती हे शोधत बसावं लागतं. व्हिडिओसोबत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे त्यातल्या बोलण्याचा लिखित मजकूर असेल तर त्यात शब्द शोधता येतो. आपल्या वहीत मुद्द्याशेजारी घटकाचा आणि व्हिडिओचा क्रमांक लिहून ठेवला, तर शोधायची वेळच येत नाही.

(दृश्य : कोर्सचं शेवटचं पान. 'डाउनलोड' बटण.)

निवेदन :
कोर्स संपल्यावर पान कायम उघडं राहील असं धरून चालू नका. अनेक ठिकाणी शेवटच्या तारखेनंतर प्रवेश बंद होतो, आणि तुम्ही सादर केलेली कामं, शिक्षकांनी त्यावर लिहिलेले शेरे, सगळं आतच राहतं. शेवटच्या आठवड्यात तासभर काढा आणि हे सगळं आपल्या संगणकावर उतरवून घ्या. शेरे आधी. व्हिडिओ पुन्हा दुसरीकडे कुठे सापडतील, पण तुमच्या कामावर तुमच्यासाठी लिहिलेल्या त्या ओळी बाकी कुठेच नाहीत.