गोंडोलात भरायचे रूळ कोणत्या कोडचे?

नमस्कार मंडळी. या टेबलावर दोन अमेरिकन गोंडोला, म्हणजे वरून उघड्या मालवाहू वॅगनींची मॉडेलं ठेवली आहेत. दोन्ही एचओ मापाच्या, म्हणजे 1:87, आणि दोन्हींत रुळांचाच माल भरलाय. वरून पाहिलं तर फरक कळणार नाही. जरा वाकून रुळांच्या कापलेल्या तोंडांकडे पाहा. डावीकडचे रूळ बोजड दिसतात ना? ती माझी पहिली वॅगन. ट्रॅक टाकून उरलेले कोड 100 चे तुकडे घरात होते, तेच मी तिच्यात भरले. वर्षभर ती लेआउटवर, म्हणजे माझ्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर फिरली आणि वर्षभर मला काहीतरी खटकत राहिलं. शेवटी कॅलिपर घेऊन मोजलं, तेव्हा उलगडा झाला.

कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत. कोड 100 म्हणजे 0.100 इंच. त्याला 87 ने गुणलं की 8.7 इंच येतात. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा यार्डाला 155 पौंड वजनाचा रूळ अमेरिकेतल्या सगळ्यात भारी रुळांपैकी एक. त्याची उंचीसुद्धा 8 इंचच. म्हणजे माझ्या वॅगनीत कुठल्याही कारखान्यात न बनलेला रूळ होता.

ट्रॅकसाठी आपण असा जाड रूळ चालवून घेतो, कारण मॉडेलच्या चाकांची कड खोल असते, त्यांना उंची लागते. पण मालातल्या रुळावरून चाक कधी जायचंच नसतं. मग तिथे तडजोड कशाला? मालाचा रूळ ट्रॅकवरून ठरवू नका. तुमची गाडी कोणत्या काळातली, कोणत्या मार्गावरची, ते आधी ठरवा आणि त्यावरून कोड काढा.

मुख्य मार्गावरचा 132 पौंडी रूळ 7⅛ इंच उंच, त्याला कोड 83 जवळचा. 100 पौंडीला कोड 70. शाखामार्गावरच्या जुन्या 75 पौंडीला कोड 55 अगदी नेमका बसतो. कोड 40 एचओमध्ये साडेतीन इंच होतो, म्हणजे 40 पौंडी रूळ. एखाद्या खाणीची नाहीतर लाकूडतोडीची लाईन उखडून भंगारात चालली आहे, असा माल दाखवायचा असेल तर तोच घ्या. मला स्वतःला हा उखडलेला माल फार आवडतो. त्यात गंज, वाकलेली टोकं, लांबीतला फरक असं सगळं दाखवता येतं. एन मापात मात्र 160 ने गुणायचं, म्हणून तिथे कोड 40 चेच 6.4 इंच होतात आणि तो मुख्य मार्गाला शोभतो.

आता लांबी. अमेरिकेत बराच काळ रूळ 39 फुटांचा असे, कारण तो 40 फुटी वॅगनीत मावतो. एचओमध्ये 39 फूट म्हणजे 136.5 मिलिमीटर. नव्या मालात सगळे तुकडे एकाच लांबीचे हवेत, म्हणून एक जिग, म्हणजे ठरलेल्या लांबीचा साचा बनवा आणि त्यातच कापा.

किती भरायचे, हा प्रश्न मला सगळ्यात रंजक वाटतो. 39 फूट म्हणजे 13 यार्ड. 132 ला 13 ने गुणलं की एका रुळाचं वजन 1716 पौंड. 50 टनी वॅगनीची क्षमता 1,00,000 पौंड, कारण अमेरिकेचा टन 2000 पौंडांचा. म्हणजे 58 रूळ. वॅगनीची आतली रुंदी साडेनऊ फूट धरा, रुळाचा तळ 6 इंच रुंद. एका थरात 19 बसतात. तीन थरांत 57, झाली वॅगन भरून! मधल्या लाकडी पट्ट्या धरूनही हा ढीग दोन फुटांच्या आतच राहतो. काठोकाठ रुळांनी भरलेली गोंडोला दिसायला छान दिसते, पण खरी असती तर तिच्या स्प्रिंगा बसल्या असत्या.

मॉडेलचा रूळ निकेल सिल्व्हरचा, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल; नावापुरतीच चांदी. असा एक तुकडा सव्वा ग्रॅमच्या वर भरतो, म्हणजे 57 तुकड्यांचे सत्तरहून जास्त ग्रॅम. मॉडेलची गोंडोला मुळातच हलकी असते, तिला हे वजन उपकारकच ठरतं. या मिश्रधातूला पिवळसर झाक असते, ती लपवावी लागते. आधी ॲसिटोनने तेलकटपणा काढा, मग प्रायमर, मग करडा-निळसर रंग, आणि त्यावर तपकिरी पावडर अगदी पुसटशी. नवा रूळ लालभडक गंजलेला नसतो, आणि त्याचा माथाही चकाकत नाही. ती चकाकी चाकं फिरून येते.

निपरने कापलं की एक टोक दबून चपटं होतं, तेव्हा बारीक करवत वापरा आणि दोन्ही टोकांना कानस मारा. मग फिशप्लेटची, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीची भोकं. खऱ्या रुळात ती साधारण सव्वा इंचाची असतात. एचओमध्ये एक-तृतीयांश मिलिमीटर. 80 नंबरचं ड्रिल पिन व्हाइसमध्ये, म्हणजे हातात धरायच्या छोट्या पकडीत लावून हातानेच फिरवा. सगळ्या 57 रुळांना भोकं पाडायची गरज नाही. वरच्या थरातल्या कडेच्या दोन रुळांना पाडा, दिसणार तेवढीच.

आपल्याकडचा मीटरला 52 किलोचा रूळ 156 मिलिमीटर उंच असतो. 87 ने भागलं की जवळजवळ 1.79 मिलिमीटर, म्हणजे कोड 70. भारतीय वॅगनीत हा माल दाखवायचा असेल तर 13 मीटरच्या हिशोबाने तुकडे 149 मिलिमीटरचे कापा. नमुन्याचे चार तुकडे इथे भिंगाखाली ठेवले आहेत. पुढे या आणि तोंडाकडून पाहा.