'सेन्त्सा' आधी पाठ करा

श्रोतेहो, नमस्कार. इटलीला निघालेल्या शाकाहारी मंडळींनी बॅग भरण्याआधी एक शब्द पाठ करावा : 'सेन्त्सा'. म्हणजे 'शिवाय'. सेन्त्सा कार्ने, मांसाशिवाय. सेन्त्सा पेशे, माशाशिवाय. सेन्त्सा उओवा, अंड्यांशिवाय. आणि चातुर्मास पाळत असाल तर सेन्त्सा आल्यो ए सेन्त्सा चिपोल्ला, लसूण नको नि कांदाही नको.

नुसतं 'सोनो वेजेतारियाना', मी शाकाहारी आहे, एवढं म्हणून भागत नाही. (पुरुषांनी 'वेजेतारियानो' म्हणायचं.) भाज्यांचं मिनेस्त्रोने सूप किंवा रिसोत्तो हा भात पुष्कळदा मांस उकळून काढलेल्या पाण्यात शिजवतात. त्या पाण्याला म्हणतात ब्रोदो. तेव्हा सरळ विचारा : 'चे कार्ने नेल ब्रोदो?' ब्रोदोत मांस आहे का? पार्मिज्यानो चीजचं दूधसुद्धा वासराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या पाचक द्रव्यानं फाडलेलं असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी तिथंही आपलं 'सेन्त्सा' काढावं. उलट 'पेपेरोनी' वाचून, ते मांसाचं सॉसेज समजून मी एकदा चांगला पित्सा सोडून दिला होता. तिकडे पेपेरोनी म्हणजे आपली ढोबळी मिरची!

मागताना 'वोर्रेई' म्हणायचं. दुकानात आपण 'पाव किलो साखर हवी होती' म्हणतो ना, तसंच ते आदबशीर 'हवं होतं'. वोर्रेई उना मार्गेरीता, पेर फावोरे. एक मार्गेरीता पित्सा हवा होता, कृपया. पाणी मागितलं की वेटर विचारणार, नातुराले की फ्रिद्झान्ते? साधं की बुडबुड्यांचं?

त आणि द आपल्याला जन्मजात येतात, त्यामुळे उच्चाराची निम्मी लढाई जिंकलेलीच असते. जोडाक्षरं मात्र खाऊ नका. 'पेन्ने' पास्ता मागताना न वर नीट जोर द्या. एकच न उच्चारलात तर भलताच शब्द होतो, आणि तो काही मला रेडिओवर सांगता येणार नाही.

जेवण झालं तरी बिल आपणहून येत नाही. न मागता बिल पुढ्यात ठेवणं म्हणजे पाहुण्याला 'उठा आता' म्हणण्यासारखं. म्हणून 'इल कोन्तो, पेर फावोरे.' त्यात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो जास्त दिसले तर वेटरशी भांडू नका. ती टिप नव्हे, टेबलाची आकारणी आहे. टेबलावर ठेवलेल्या पावाला हात लावला नसलात तरी द्यावी लागते, आणि ती मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत आधीच छापलेली असते.