समजूतदार

बाहेर ऊन मी म्हणतंय, तरी सभागृह भरलंय. पुढे ऑटिझम असलेल्या मुलांचे आईबाबा बसलेत आणि मागे भिंतीला टेकून त्या मुलांची भावंडं. त्या मागच्या रांगेसाठी मी आज बोलणार आहे.

माझ्या दादाला ऑटिझम आहे. मी नऊ वर्षांची होते, तो तेरा. तेव्हा घरात हा शब्द नव्हता, 'जरा वेगळाय' एवढंच म्हणायचे. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. होम मैदानावरचा तो गलका तुम्हाला मी काय सांगायचा! मोठ्या पाळण्यासाठी मी दिवाळीपासून पैसे साठवले होते. माझा नंबर आला आणि कुणीतरी दादाच्या कानाशी पिपाणी वाजवली. तो कान झाकून मातीत बसला, किंचाळायला लागला. माणसं जमली. मी रांग सोडली, माझा स्वेटर त्याच्या डोक्यावर टाकला आणि त्याला आवडतात तसे उलटे आकडे म्हणत बसले. शंभर, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव... बासष्टला तो शांत झाला. मावशी म्हणाली, "किती समजूतदार गं पोर!" आणि आम्ही घरी निघालो. पाळण्याचं कुणी विचारलं नाही. मीही काढलं नाही.

शाळेतही तेच. दादा आवरेनासा झाला की शिपाईमामा माझ्या वर्गात यायचे, बहुतेक वेळा गणिताच्या तासाला. बाई म्हणायच्या, "जा, तुझंच ऐकतो तो." चार वर्षांनी मोठा असून दादा मला ताई म्हणतो, ते तिथूनच.

हा 'समजूतदार' शब्द मला सलतो. तो ऐकत वाढलेलं पोर स्वतःचं पोट दुखलं तरी सांगत नाही. दादाचा राग येतो, चारचौघांत लाज वाटते, आणि मग लाज वाटली म्हणून रात्री रडू येतं. दादावर जीव असतो म्हणूनच हे कुणापाशी बोलता येत नाही.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मुद्द्याचं भराभर सांगते. ऑटिझम असलेल्याच्या भावंडांतही ऑटिझमची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते. धाकटं अडखळत असेल तर 'बघून करतंय' म्हणू नका, तपासून घ्या. आठवड्यातला एक तास फक्त या भावंडाचा ठेवा. अमेरिकेत डॉन मायर यांनी १९८२ साली 'सिबशॉप' सुरू केलं. तिथे अशी भावंडं जमतात, खेळतात, खातात आणि मनातलं बोलतात. सोलापुरात त्याला एक खोली आणि कडक भाकरी-शेंगाचटणी पुरे. फार जड वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात.

आणि 'आमच्यानंतर कोण?' हा प्रश्न घरात मोठ्याने विचारा. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ चा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातो, तिच्यावर जिल्हाधिकारी असतात. भावंडालाही पालक होता येतं, पण आधी त्याला विचारा. 'नाही' म्हणालं तरी ते तुमचंच लेकरू आहे. मला आईने मी एकतीसची असताना विचारलं. मी हो म्हणाले, पण विचारल्यावर म्हणाले.

आज दादाला जेवायला बाबा वाढणार आहेत. मी थांबतेय. मागच्या रांगेने आधी विचारा.