सम्पसाठी ॲक्रिलिक शीट निवडताना

हे दोन तुकडे बघा. दोन्ही ॲक्रिलिकचे, दोन्ही काचेसारखे स्वच्छ, दोन्ही एकाच बाजारातून आणलेले. आता डाव्या हातातला तुकडा उजेडात जरा तिरका धरतो, कडेजवळ केसासारख्या बारीक रेषा दिसतायत ना? नखाला लागत नाहीत पण आत गेलेल्या आहेत. हा माझ्या पहिल्या सम्पचा, म्हणजे फिशटँकच्या खालच्या फिल्टर टाकीचा, तुकडा आहे. साडेतीन महिने नीट चालला आणि मग एका रात्री खालचा जॉइंट सुटला, सकाळी उठलो तर हॉलमध्ये पाणी, कॅबिनेटचं प्लाय फुगलेलं आणि रिटर्न पंप कोरडाच घरघर करतोय. वरच्या टाकीतले दोन्ही ऑस्कर मासे वाचले, कारण ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी खाली सोडणाऱ्या खाचेच्या, काठाखाली टाकीतलं पाणी उतरतच नाही, पण त्या दिवसापासून मी ॲक्रिलिक या वस्तूच्या मागेच लागलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो, सम्प म्हणजे मुख्य टाकीच्या खाली कॅबिनेटमध्ये ठेवलेली दुसरी टाकी. वरून पाणी पाइपने खाली येतं, फिल्टर सॉक, स्पंज, बायो मीडिया अशा खान्यांतून फिरतं आणि शेवटच्या खान्यातून पंप ते परत वर ढकलतो. ऑस्करसारखा खादाड आणि घाण करणारा मासा पाळायचा तर मला तरी सम्पशिवाय पर्याय दिसत नाही.

काचेचा का नाही केला, हे सगळे विचारतात. काच स्वस्त आहे, आणि वाकण्याच्या बाबतीत तर ॲक्रिलिकपेक्षा वीसपटीहून जास्त ताठ आहे, हे मान्यच करायला पाहिजे. पण त्याच जाडीचं ॲक्रिलिक काचेच्या निम्म्याहूनही हलकं, त्यात भोकं घरच्या ड्रिलने पाडता येतात, ओव्हरफ्लोचे दात राउटरने, म्हणजे सुताराच्या खाचा पाडायच्या मशीनने, कापता येतात, आणि माझ्या कॅबिनेटचं दार इतकं अरुंद आहे की काचेचा सम्प तिरका करून आत घालायचा म्हणजे दोन माणसं आणि देवाचं नाव. म्हणून ॲक्रिलिक.

आता मुख्य गोष्ट. ॲक्रिलिक शीट दोन पद्धतीने बनते आणि दुकानात दोन्हीला नुसतं ॲक्रिलिकच म्हणतात. एक कास्ट. यात काचेच्या दोन मोठ्या प्लेटच्या मधे पातळ रसायन ओततात आणि ते तिथेच सावकाश घट्ट होऊ देतात. दुसरी एक्स्ट्रुडेड, म्हणजे दाणे वितळवून मशीनमधून शेवयांसारखं दाबून बाहेर काढायचं, फक्त शेव सोडून सलग पट्टा येतो. दुसरी पद्धत भराभर चालते म्हणून माल स्वस्त पडतो, पण त्या ओढाताणीत शीटच्या पोटात ताण राहून जातो, आणि आतली साखळी, म्हणजे रेणूंची, कास्टपेक्षा आखूड असते. नेमप्लेटला, फोटोफ्रेमला याने काही बिघडत नाही. पण आपण चिकटवायला जॉइंटला क्लोरोफॉर्म सोडतो तेव्हा तो आधीच ताणलेला भाग तडकायला लागतो, आणि त्याच या केसासारख्या रेषा.

आणि गंमत अशी की जो माणूस काळजीपूर्वक खरेदी करतो तोच इथे फसू शकतो, कारण एक्स्ट्रुडेड शीटची जाडी सगळीकडे अगदी सारखी असते. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावला की ६ एमएम म्हणजे ६. कास्ट शीट मात्र कमीजास्त भरते, हीच बघा, १० एमएम म्हणून आणलेली, या कोपऱ्यात ९.४ आणि त्या टोकाला १०.२. पहिल्यांदा मीही याला खराब माल समजलो होतो. आता मी शीटच्या चारही बाजूंना व्हर्नियर लावून बघतो आणि आकडे थोडे हलले तर मला बरं वाटतं.

पण त्यावर पक्कं ठरवता येत नाही, आणि वरच्या कागदावरूनही नाही. बरेच जण सांगतात की ब्राउन पेपर म्हणजे कास्ट आणि प्लास्टिकची फिल्म म्हणजे एक्स्ट्रुडेड, पण दोन्हीवर दोन्ही मिळतं. मला सगळ्यात भरवशाची वाटलेली युक्ती म्हणजे कटपीस मागून घ्यायचा आणि ट्रॉफी-नेमप्लेटवाल्याकडे लेसरवर त्याच्यावर दोन अक्षरं कोरून घ्यायची. कास्ट असेल तर अक्षरं पांढरी, दुधाळ उमटतात. एक्स्ट्रुडेड असेल तर पारदर्शकच राहतात, नीट दिसतही नाहीत. हा उजवा तुकडा, याच्यावर ‘आई’ लिहून घेतलंय, बर्फासारखं पांढरं दिसतंय बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि हजारोंची शीट घेण्याआधी ते करावंच.

लेसरवर अक्षरं कोरा, पण सम्पच्या भिंती लेसरवर कापू नका. माझी दुसरी चूक तीच होती. लेसरची कड चकचकीत दिसते म्हणून मी खूश झालो होतो, पण ती कड वितळून थंड झालेली असते, तिच्यात परत तोच ताण, आणि क्लोरोफॉर्म लागला की तीच आधी तडकते. टेबल सॉवर कापून कड राउटरने सरळ करून घ्यायची. मी ज्याच्याकडे कापून घेतली तो म्हणाला, “साहेब, कड पॉलिश करून देऊ का, फुकट?” नको म्हटलं. ते पॉलिश ज्योतीने करतात, आणि चिकटवायच्या कडेला आच दाखवायची नाही.

आता जाडी. इथे बहुतेक लोक किती लिटरचा सम्प आहे यावरून ठरवतात. पण पाण्याचा दाब लिटरवर नाही, उंचीवर असतो. माझा सम्प ७६ सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३५ उंच. काठोकाठ भरला तर एका लांब भिंतीवर पाणी ४६ किलोच्या आसपास जोर लावतं, म्हणजे एक माणूस रात्रंदिवस त्या भिंतीला आतून टेकून बसलाय असं समजा. आणि जाडी थोडी वाढवली तरी ताठपणा भराभर वाढतो, तिसऱ्या घाताने. ६ च्या जागी ८ एमएम घेतली तर जवळपास २.४ पट, १० घेतली तर साडेचार पटीच्या वर. ६ मध्ये सम्प करणारे लोक आहेत आणि त्यांचे चालतायत, कारण मधले बॅफल, म्हणजे खाने पाडणाऱ्या आतल्या भिंती, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना धरून ठेवतात. मात्र रिटर्नचा, म्हणजे शेवटचा पंपाचा, खाना लांब असतो, तिथे मधे धरायला काहीच नसतं, भिंत फुगते ती तिथेच. म्हणून मी बाहेरच्या भिंती आणि तळ १० एमएम कास्ट घेतला, बॅफल ६ चे, आणि वर चारही बाजूंनी ५ सेंटिमीटरची आडवी पट्टी दिली. त्या पट्टीचे आतले कोपरे गोल कापायचे, काटकोन ठेवला की चीर तिथूनच सुरू होते.

अजून एक गोष्ट. ॲक्रिलिक पाणी पितं. थोडंच, वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, पण पितं. एक बाजू कायम ओली आणि दुसरी कोरडी राहिली की शीट ओल्या बाजूकडे फुगून येते. पावसाळ्यात भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली शीट बाक धरते ती अशीच, शिवाय स्वतःच्या वजनाने. त्यामुळे आणली की आडवी ठेवा, सपाट जमिनीवर.

ही पाणी पिण्याची गोष्ट किती मोठी होऊ शकते बघा. बर्लिनमध्ये एका हॉटेलच्या लॉबीत ॲक्रिलिकचं उभं नळकांडं होतं, ॲक्वाडोम, दहा लाख लिटर पाणी आणि साधारण १५०० मासे. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ते फुटलं. तज्ज्ञांनी तुकडे तपासले, नक्की कारण सापडलं नाही, पण ज्या शक्यता पुढे आल्या त्यात चिकटवलेल्या जॉइंटची होती, तळाशी पडलेल्या खाचेची होती, आणि एक अशीही होती की दुरुस्तीसाठी टाकी रिकामी ठेवली तेव्हा ॲक्रिलिक कोरडं पडलं. आपला सम्प कुठे आणि ते कुठे, पण शीटचं द्रव्य तेच आहे आणि दुखणीही तीच.

जॉइंट असा केला. तळावर भिंत उभी करायची, खाली बारीक टाचण्या ठेवायच्या, म्हणजे कागदाएवढी फट राहते. मग सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडायचा, तो फटीतून आपोआप धावत जातो, बघायला फार छान वाटतं. मिनिटभराने टाचण्या एकेक ओढून घ्यायच्या की भिंत आपल्याच वजनाने बसते. जॉइंट काचेसारखा आरपार दिसला तर झालं, मधे पांढरे बुडबुडे दिसले तर तिथे कड सरळ नव्हती. सिलिकॉनवर विसंबू नका, ॲक्रिलिकला तो नीट धरत नाही, सालीसारखा सुटतो. आणि क्लोरोफॉर्म विषारी आहे, हे काम मी उघड्या गॅलरीत, घराकडचं दार लावून, मुलांना आजीकडे पाठवून केलं. वाफ जड असते, बंद खोलीत ती खालीच साचून राहते.

आठवडाभर गॅलरीतच काठोकाठ पाणी भरून ठेवला. रिटर्नच्या खान्यासमोर दोरा ताणून मोजलं, भिंत २ एमएम बाहेर आली होती. मग ते पाणी फेकून, धुऊन, आत बसवला, खाली पूर्ण सपाट प्लाय.

शेवटची टेस्ट लाइट जाण्याची. पंप बंद झाला की वरच्या ४ फुटी टाकीतलं वरचं इंचभर पाणी खाली उतरतं, ते भरतं साडेतेरा लिटर, म्हणजे सम्पमध्ये जवळपास ६ सेंटिमीटर. पेन्सिलने तेवढी खूण केली आणि मेन स्विच पाडला. पाणी चढत चढत खुणेच्या जरासं वर गेलं, पाइपमधलं धरलं नव्हतं ना, आणि थांबलं. काठाला अजून चार बोटं जागा होती. महिन्याने परत दोरा लावून बघितला, भिंत अजून २ एमएमवरच आहे.